आरशामागची धूळ

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा पायऱ्या, कमानी, दीपमाळा, माणसांचे खांदे आणि केस, सगळं हळदीच्या पिवळ्या रंगात बुडून जातं. छायाचित्रकारांसाठी वर्षातल्या मोठ्या दिवसांपैकी हा एक. पण गड चढण्याआधी त्यांची जी तयारी चालते ती पाहण्यासारखी असते. कॅमेरे प्लास्टिकच्या पिशव्यांत नाहीतर पातळ फिल्ममध्ये गुंडाळले जातात, फटींवर चिकटपट्टी बसते, लेन्सचं तोंड तेवढं उघडं राहतं. आणि जुनेजाणते लोक नवख्यांना एकच गोष्ट बजावतात : वर गेल्यावर लेन्स बदलायची नाही. रुंद दृश्याची लेन्स लावून चढलात, तर उतरेपर्यंत तीच. समोरच्या ओवरीत भंडाऱ्याने माखलेला एखादा चेहरा कितीही बोलावत असला, तरी त्याला जवळ आणणारी लांब पल्ल्याची लेन्स बॅगेतच राहते.

लेन्स बदलता येते म्हणून तर हा कॅमेरा घेतलेला असतो. ज्या गुणासाठी लाखभर किंवा त्याहून जास्त रुपये मोजले, तोच गुण ऐन मोक्याला झाकून ठेवावा लागतो. व्यावसायिक डीएसएलआर बाळगणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. या कॅमेऱ्याचे दोष त्याच्या गुणांच्याच पोटातून आलेले आहेत. आरसा, मोठा सेन्सर, सुट्या लेन्स या तीन गोष्टींनी तो मोठा झाला आणि या तिघांनीच मालकाच्या डोक्याला ताप दिला.

डीएसएलआरच्या आत, लेन्सच्या मागे, पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावर आपटून वर जातो, तिथल्या प्रिझममधून वळतो आणि छायाचित्रकाराच्या डोळ्यांत येतो. म्हणजे तो जे पाहतो ते थेट लेन्सने पाहिलेलं असतं, पडद्यावरचं चित्र नव्हे. बटण दाबलं की आरसा झटक्यात वर उचलला जातो, मागचा शटरचा पडदा उघडतो, सेन्सरवर प्रकाश पडतो, पडदा मिटतो, आरसा खाली येतो. कॅननच्या ईओएस-१डी एक्स मार्क ३ मध्ये हा सगळा खेळ सेकंदाला सोळा वेळा होतो. यंत्र म्हणून ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण जे यंत्र इतकं हलतं, ते झिजतं आणि धूळही उडवतं.

फिल्मच्या काळातही कॅमेऱ्यात धूळ जायची. मात्र प्रत्येक फोटोला फिल्मचा कोरा तुकडा समोर यायचा, त्यामुळे एखादा कण बसलाच तरी तो फिल्मबरोबर पुढे सरकायचा. डिजिटलमध्ये सेन्सर एकच, जागचा न हलणारा. त्याच्यावरच्या काचेच्या फिल्टरवर कण चिकटला की पुढच्या प्रत्येक फोटोत, त्याच जागी, तोच डाग. लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं असेल तर त्याची सावली पसरट होऊन विरते आणि डाग दिसतही नाही. एफ/१६ सारखं छिद्र लहान केलं की सावली रेखीव होते आणि सह्याद्रीच्या निळ्या आभाळात करडे ठिपके उमटतात. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये महिनोन्‌महिने निर्धास्तपणे काम करणाऱ्याला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहिल्यांदा कळतं की आपला सेन्सर कधीचा मळला आहे.

२००३ साली ऑलिंपसने ई-१ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरवून धूळ झटकायची सोय आणली. पुढे कॅनन आणि निकॉननेही तशी सोय दिली. कोरडी धूळ तिने बरीच जाते, पण चिकट डाग जात नाहीत. मग रबरी फुग्याने हवा मारायची, तेवढ्यानेही भागलं नाही तर खास द्रवात भिजवलेल्या पट्टीने सेन्सरवरची काच पुसायची. ज्या भागावर कॅमेऱ्याची सगळी किंमत उभी आहे, त्यावर आपल्या हाताने पट्टी फिरवताना भल्याभल्यांचा श्वास अडकतो. तोंडाने फुंकर मारणं हा तर गुन्हाच, कारण थुंकीचा बारीक थेंब धुळीपेक्षा वाईट डाग सोडतो.

कधी कधी घाण बाहेरून येतच नाही. निकॉनने सप्टेंबर २०१२ मध्ये डी६०० बाजारात आणला. पूर्ण आकाराचा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, आणि किंमत त्या वर्गातल्या इतर कॅमेऱ्यांपेक्षा कमी. अनेकांनी पै पै साठवून तो घेतला. थोड्याच आठवड्यांत जगभरच्या मालकांना फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांची गर्दी दिसू लागली. लेन्स एकदाही न काढलेल्या कॅमेऱ्यांतही ती होती. पुसलं तरी काही शे फोटोंनंतर ठिपके परत येत. संशय शटरच्या यंत्रणेवर होता. २०१३ च्या सुरुवातीला कंपनीने धूळ साफ करून घेण्याचा सल्ला दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बदललेल्या शटरसह डी६१० आणला. ज्यांनी वर्षभरापूर्वी डी६०० घेतला होता त्यांच्या हातातल्या वस्तूची किंमत एका दिवसात पडली. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये निकॉनने हमीची मुदत संपलेल्या कॅमेऱ्यांचंही शटर फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हे प्रकरण दाखवलं आणि शांघायच्या प्रशासनाने तिथली विक्री थांबवायला लावली. अखेर दुरुस्तीनंतरही डाग राहिलेल्यांना कॅमेरा बदलून देण्यात आला. एवढं सगळं व्हायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात घेतलेली कामं, प्रत्येक फोटोतले डाग एकेक करून संगणकावर पुसण्यात गेलेल्या रात्री, यांचा हिशेब कोणी दिला नाही. व्यवसायाच्या हत्यारात दोष आहे हे कळल्यावर कंपनीने ते पहिल्या महिन्यात उघडपणे सांगायला हवं होतं.

आरशाची दुसरी कुरबूर धुळीपेक्षा जास्त छळते, कारण ती डोळ्यांना लवकर सापडत नाही. मुख्य आरसा थोडा पारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला प्रकाश मागच्या एका लहान आरशावर पडून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या यंत्रणेकडे जातो. म्हणजे फोकस मोजला जातो एका ठिकाणी आणि फोटो उमटतो दुसऱ्या ठिकाणी. लेन्सपासून या दोन्ही ठिकाणांचं अंतर तंतोतंत सारखं हवं. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी फोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे सरकतो. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर उघडून दीड मीटरवरून नवरीचा चेहरा टिपला, तर स्पष्ट येणारा भाग जेमतेम अडीच ते तीन सेंटीमीटर खोल असतो. अशा वेळी पापण्यांवर धरलेला फोकस कानातल्या झुब्यांवर जातो. झुबे लखलखीत, डोळे धूसर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो ठीक दिसतो, घरी मोठ्या पडद्यावर उघडल्यावर पोटात गोळा येतो.

यावर उपाय म्हणून २००७ पासून वरच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांत फोकस बारीक बारीक पायऱ्यांनी पुढे-मागे सरकवण्याची सोय आली. ती आली याबद्दल मालकांनी आभार मानले, पण तिचा अर्थ असाही होता की कारखान्यात व्हायचं काम आता गिऱ्हाइकाच्या टेबलावर आलं. लेन्स पाच असतील तर पाचही वेळा तिरकी मोजपट्टी मांडायची, फोटो काढायचे, आकडा ठरवायचा. झूम लेन्स असेल तर एका टोकाला जुळलेला आकडा दुसऱ्या टोकाला जुळेलच असंही नाही.

ही सोय कॅननच्या ज्या ईओएस-१डी मार्क ३ मध्ये आली, त्याचीच फोकसची कहाणी सर्वांत गाजली. २००७ सालचा हा कॅमेरा क्रीडाछायाचित्रकारांसाठी बनवलेला होता, सेकंदाला दहा फोटो काढणारा. कॅनडातले छायाचित्रकार रॉब गॅलब्रेथ यांनी सविस्तर चाचण्या घेऊन दाखवून दिलं की कडक उन्हात धावणाऱ्या माणसावर त्याचा फोकस टिकत नाही. धावपटूचा पहिला फोटो स्पष्ट, पुढचे तीन धूसर, मग पुन्हा एखादा स्पष्ट. त्याच वर्षी कॅननने लहान आरशाच्या जोडणीत दोष असल्याचं मान्य करून दुरुस्ती सुरू केली. २००५ च्या ईओएस ५डी चं तर आणखीच सरळ होतं. काही कॅमेऱ्यांत मुख्य आरसाच गोंद सुटून खाली पडायचा. सप्तपदी चालू असताना आरसा निखळला तर छायाचित्रकाराला पुढे काहीच दिसत नाही. कॅननने हे आरसे विनामूल्य पक्के करून दिले. पण लग्नाला जाताना दोन बॉडी नेण्याची जी सवय व्यावसायिकांना लागली आहे, ती अशा अनुभवांतून लागली आहे.

दोन बॉडी म्हटल्या की ओझं आलं. निकॉन डी८५० बॅटरी आणि कार्डासह किलोभर भरतो. त्यावरची २४-७० एफ/२.८ लेन्स किलोच्या वर, ७०-२०० साधारण १४३० ग्रॅम. दोन बॉडी आणि या दोन लेन्स एवढ्यानेच साडेचार किलो होतात. फ्लॅश, बॅटऱ्या, कार्डं, बॅगेचं स्वतःचं वजन वेगळं. पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्यांच्या आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत बारा-चौदा तास उभ्या असणाऱ्यांच्या मानेला आणि कंबरेला हे कळतं.

आवाजाचंही तसंच. आरसा आणि शटर यांचा खटका मैदानावर कोणाला ऐकू येत नाही. पण मैफलीत गायक षड्जावर स्थिरावत असताना तो खटका पहिल्या दहा रांगांना ऐकू जातो आणि माना वळतात. शांत पद्धतीने शटर चालवायची सोय असते. तिने आवाज थोडा दबतो आणि वेग बराच कमी होतो. नाटकाच्या आणि मैफलीच्या छायाचित्रकारांनी तबल्याच्या समेवर, टाळ्यांच्या आत बटण दाबायची जी कला कमावली आहे, ती खरोखर दाद देण्यासारखी आहे.

कोकण आणि मुंबईतल्या मालकांची खरी झोप उडते ती जूनपासून. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. छायाचित्रकार म्हणतात, लेन्सला फंगस लागली. काचेवर आधी धुक्याचा पुंजका दिसतो, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. बुरशीतून निघणारी आम्लं काचेवरचा लेप खातात. लवकर लक्षात आलं तर लेन्स खोलून साफ करता येते, उशीर झाला तर तिचे व्रण कायमचे. चामड्याची पिशवी आणि बंद कपाट या बुरशीच्या आवडत्या जागा आहेत, आणि नेमक्या त्याच जागी महाग वस्तू जपून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. उपाय म्हणजे आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारं विजेचं ड्राय कॅबिनेट. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. त्यातले दाणे ओल पिऊन रंग बदलू लागले की तापवून पुन्हा कोरडे करायचे. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने ओल फारशी जात नाही आणि पिठाची पूड मात्र कॅमेऱ्याच्या फटींत शिरते. वातानुकूलित हॉलमधून लॉनवर आलं की थंड काचेवर वाफ धरते ती वेगळीच. वरात दारात आलेली असते आणि लेन्समधून नुसतं दूध दिसतं. अशा वेळी कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर आणून बंद बॅगेतच हळूहळू कोमट होऊ द्यावा लागतो, आणि लग्नात तेवढी मिनिटं कोण देतं?

पैशाची गोष्ट यापेक्षा कडवट आहे. निकॉनचा डी१ १९९९ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत साडेपाच हजार डॉलरच्या आसपास होती आणि सेन्सर पावणेतीन मेगापिक्सेलचा. चारच वर्षांनी, २००३ मध्ये, कॅननचा ३००डी ६.३ मेगापिक्सेल देत ८९९ डॉलरला मिळू लागला. फिल्मचा चांगला कॅमेरा बापाकडून मुलाकडे जायचा, डिजिटल बॉडी मुलगा बारावीला जाईपर्यंतही टिकून राहिली नाही. भारतात त्यावर कराचा भार. जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेरे २८ टक्क्यांत होते, २०१९ च्या जानेवारीपासून ते १८ टक्क्यांत आले. डी८५० इथे आला तो अडीच लाखांच्या वर, नुसती बॉडी. म्हणून मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारसारख्या कॅमेऱ्यांच्या बाजारात विनाबिलाच्या मालाचा मोह नेहमीच पडत आला आहे. काही हजार वाचतात, पण कंपनीची भारतातली हमी मिळत नाही आणि पहिल्या बिघाडाला वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

झीज मोजायला शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, असतो. कॅनन ५डी मार्क ४ चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं, डी८५० चं दोन लाख, १डी एक्स मार्क ३ चं पाच लाख. हे आकडे चाचणीचे आहेत, हमीचे नाहीत. एका लग्नाला तीन हजार फोटो धरले आणि वर्षाला चाळीस लग्नं, तर एक लाख वीस हजार होतात. म्हणजे ५डी मार्क ४ ची मर्यादा सव्वा वर्षात गाठली जाते. लातूर किंवा कुडाळच्या स्टुडिओवाल्याला अधिकृत दुरुस्तीसाठी कॅमेरा कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि ऐन लगीनसराईत दुसरा भाड्याने आणावा लागतो.

कार्डांचाही छळ काही कमी नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाच्या खाचेत पन्नास नाजूक पिना असायच्या. घाईत कार्ड तिरकं शिरलं की एखादी वाकायची आणि कॅमेरा दुरुस्तीला जायचा. त्यानंतर कार्डांच्या जातीच बदलत गेल्या. निकॉन डी४ मध्ये एक खाच कॉम्पॅक्ट फ्लॅशची आणि एक एक्सक्यूडीची, कॅनन १डी एक्स मार्क २ मध्ये दुसरी सीफास्टची, मार्क ३ मध्ये दोन्ही सीएफएक्सप्रेसच्या. दर वेळी नवी कार्डं, नवा रीडर. त्यात डी८५० ची एकेक कच्ची फाइल, म्हणजे रॉ, पन्नास एमबीच्या आसपास. तीन हजार फोटोंचं एक लग्न दीडशे जीबी खातं, दोन प्रती ठेवायच्या तर तीनशे. नव्या बॉडीच्या रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर नवं, आणि ते चालवायला संगणक नवा. २००५ मध्ये निकॉन डी२एक्सच्या फाइलमधली रंगसंतुलनाची माहिती कंपनीने कुलूपबंद केल्याचं उघड झालं तेव्हा मोठा वाद पेटला. तो योग्यच होता. फोटो ज्याने काढला, त्या फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावर त्याचा हक्क आहे.

आणि हे सगळं सांभाळून मंडपात उभं राहावं, तर अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी चार मामा-मावश्या मोबाईल उंचावून मधे येतात. संध्याकाळी त्यांच्यापैकीच एखादी म्हणते, ‘‘दादा, आमच्या मोबाईलवर तर याहून छान आलेत!’’ तिचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. आजचा फोन एका बटणावर अनेक फोटो घेतो, त्यांची बेरीज करतो, सावल्या उजळतो, आभाळ सावरतो. गुगलने २०१६ च्या पिक्सेलमध्ये ही पद्धत कायम चालू ठेवली आणि इतर फोनही त्याच वाटेने गेले. डीएसएलआरची रॉ फाइल मुद्दाम फिकी ठेवलेली असते, तिच्यातून हवा तो रंग काढायला माणूस बसावा लागतो. त्या कामाचे तास ग्राहकाला दिसत नाहीत, आणि दिसत नसल्यामुळे त्यांचे पैसे द्यायची त्याची तयारी नसते.

आता तर तो आरसाच चालला आहे. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बसवायची नवी जोडणी, म्हणजे माउंट, आणली. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांना सोनीचे बिनआरशाचे कॅमेरे द्यायचं ठरवलं. डिसेंबर २०२१ मध्ये कॅननचे प्रमुख फुजियो मिताराई यांनी जपानी दैनिक योमिउरीला सांगितलं की १डी एक्स मार्क ३ हाच त्या मालिकेचा शेवटचा कॅमेरा. निकॉनचा २०२१ चा झेड९ तर यांत्रिक शटरही टाकून मोकळा झाला. या बदलात धूळ गेलेली नाही, पण आरशामुळे सरकणारा फोकस गेला, खटका गेला. ज्यांनी कर्ज काढून डीएसएलआरचा संच उभा केला त्यांच्या हाती मात्र उतरत्या किमतीची सामग्री उरली. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स नव्या बॉडीवर अडॅप्टरने चांगल्या चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर बसतात, पण त्यांचा आपोआप होणारा फोकस बंद पडतो, कारण त्यांची मोटर लेन्समध्ये नसून जुन्या बॉडीत होती.

तरीही जुन्या बाजारात हे कॅमेरे आता बरेच स्वस्त मिळतात. शिकणाऱ्या मुलामुलींनी, तालुक्याच्या वार्ताहरांनी, नव्या स्टुडिओवाल्यांनी ते जरूर घ्यावेत, पण डोळे उघडे ठेवून. शटर काउंट विचारावा आणि तो पडताळून घ्यावा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून तिरक्या नजरेने काचेच्या थरांमध्ये तंतू आहेत का पाहावं. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा नाहीतर आभाळाचा एक फोटो काढून तो दुकानातल्याच संगणकावर मोठा करून बघावा. सर्वांत उघड्या छिद्रावर, जवळून, एखाद्या माणसाच्या डोळ्यावर फोकस धरावा आणि पापणीचे केस सुटे दिसतात का ते पाहावं. दोन्ही खाचांत कार्ड घालून पाहावं. आणि बिल मागून घ्यावं.